‘द वुल्फ मॅन’ : एका रचलेल्या लोकोक्तीची पाठचिकित्सा

युनिव्हर्सल या अमेरिकन चित्रसंस्थेचा ‘द वुल्फ मॅन’ हा कृष्णधवल भयपट डिसेंबर १९४१ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जॉर्ज वॅगनर, पटकथाकार कर्ट सिओडमॅक, नायक लॉन चॅनी (धाकटा). चित्रपटाची लांबी अवघी सत्तर मिनिटांची. १९९९ मध्ये तो डीव्हीडीवर, २०१२ मध्ये ब्लू-रेवर आणि २०२१ मध्ये फोर-के तबकडीवर उपलब्ध झाला. प्रत्येक नव्या आवृत्तीचे कौतुक धुके किती दाट दिसते आणि जॅक पिअर्स यांनी चिकटविलेला केस न् केस कसा मोजता येतो, या अंगानेच बहुधा होत आले आहे. ते अनाठायी नाही. परंतु घरी पाहण्याच्या सोयीने अभ्यासकाला याहून मोलाची एक गोष्ट दिली आहे. चित्रपट थांबविता येतो, मागे नेता येतो आणि त्यातील वचनांचे पाठ हस्तलिखितांच्या पाठांप्रमाणे ताडून पाहता येतात. ‘द वुल्फ मॅन’ हा अशा वाचनाची मागणी करणारा चित्रपट आहे. कारण त्यातील भय डोळ्यांपेक्षा शब्दांवर अधिक उभे आहे.

पहिलेच दृश्य पुस्तकाचे आहे. एक हात ज्ञानकोशाचा खंड उघडतो आणि वृकोन्मादाची नोंद पडद्यावर येते. आपण लांडगा झालो आहो असे रुग्णाला वाटावयास लावणारा हा मानसिक विकार, अशी व्याख्या करून ती नोंद टॅलबट घराण्याच्या परिसराकडे वळते. शास्त्रीय व्याख्या आणि गावगप्प एकाच परिच्छेदात, एकाच टंकात! पुढील सारे कथानक या दोन वाक्यांच्या भांडणातून निघते.

अठरा वर्षे अमेरिकेत काढून लॅरी टॅलबट वेल्समधील वडिलोपार्जित वाड्यात परततो. काठी घेण्यासाठी तो दुकानात जातो. मुठीवर चांदीचा लांडगा असलेली काठी निवडताच ग्वेन ही तरुणी त्याला एक चतुष्पदी म्हणून दाखविते. घरी वडील, सर जॉन, तीच म्हणतात. रात्री विषारी वनस्पतीचा बहर पाहून ग्वेनची मैत्रीण जेनीही तीच म्हणते. सद्वर्तन आणि प्रार्थना यांनीही माणूस या अवस्थेतून सुटत नाही, हा तिचा आशय. दुकानदाराची मुलगी, खगोलशास्त्राचा व्यासंगी सरदार आणि एक सामान्य मुलगी या तिघांच्या मुखी एकच वचन घालून पटकथाकाराने ते सार्वजनिक मालकीचे ठरविले. मौखिक परंपरेचे लक्षण त्याने अचूक हेरले आहे, फक्त एक लक्षण सोडून. खऱ्या मौखिक रचनेत तीन मुखांतून तीन पाठ निघाले असते. जात्यावरच्या ओव्या टिपून घेणाऱ्या कोणालाही हे सांगावयास नको. येथे तिन्ही पाठ जवळजवळ एकरूप आहेत, आणि या एकरूपतेतच लेखणीचा माग लागतो.

ती लेखणी सिओडमॅक यांचीच होती. हे पद्य जुन्या जर्मन लोकवाङ्मयातील असावे असा समज पुढे पसरला. ते आपणच रचले, हे त्यांना सांगावे लागले. १९४३ च्या ‘फ्रँकेनस्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’ या उत्तरपटात, ज्याची पटकथाही त्यांचीच, पद्याचा शेवट बदलला. मूळ पाठात शरदातील चंद्राचा उल्लेख होता. नव्या पाठात पूर्णचंद्र आला. १९४१ च्या चित्रपटात रूपांतराला पौर्णिमेची अट नाही. लॅरी दुर्बिणीतून ग्वेनच्या खोलीत पाहतो आणि मग दुकानात येऊन तिचीच अर्धचंद्राकृती कर्णभूषणे मागतो. चंद्राची आकृती आपल्याला भेटते ती तेथे. पौर्णिमेची कल्पना मात्र सिओडमॅक यांची नव्हे. १९३५ च्या ‘वेअरवुल्फ ऑफ लंडन’मध्ये ती आहे, आणि पेट्रोनियसच्या पहिल्या शतकातील कथेतही माणूस लांडगा होतो तो लख्ख चांदण्यातच. चांदीचेही तसेच, ग्रिम बंधूंच्या दोन भावांच्या कथेत चेटकिणीवर चांदीची बटणे झाडली जातात. म्हणजे सामग्री जुनी, बांधणी नवी. ‘सारे सिओडमॅक यांनीच निर्मिले’ हे मत जितके उथळ, तितकेच ‘ही प्राचीन परंपरा आहे’ हेही.

शब्दाची स्वतःची कहाणी याहून जुनी आहे. इंग्रजीतील ‘वेअरवुल्फ’ या समासाचे पूर्वपद लॅटिन ‘विर्’ आणि संस्कृत ‘वीर’ यांचे सगोत्र. उत्तरपद वैदिक ‘वृक’ याचे. अकराव्या शतकारंभीच्या राजा क्नूट याच्या विधानात हा शब्द प्रथम आढळतो, तोही सैतानासाठी. मराठीत यासाठी रूढ शब्द नाही; ‘वृकमानव’ म्हटले तर पूर्वापर पदे उलटतात, एवढेच.

खुणेच्या प्रश्नाकडे अधिक सावधपणे पाहिले पाहिजे. पुढील बळीच्या तळहातावर वृकमानवाला पंचकोनी तारा दिसतो. सिओडमॅक हे ज्यू. १९३३ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनीतील ज्यूंवर पिवळ्या ताऱ्याची सक्ती झाली, व्याप्त पोलंडमध्ये तर ताऱ्याचा दंडपट्टा १९३९ पासूनच होता. ही सांगड मोहक आहे, पण ती जशीच्या तशी बसत नाही. तो तारा सर्वांना दिसावा म्हणूनच लादला होता. चित्रपटातील तळहातावरचा तारा मारणाऱ्यालाच दिसतो. शिवाय तो लॅरीच्या छातीवरील जखमेतही उमटतो. मारणारा व मरणारा यांना एकच खूण देणारी ही कल्पना राजकीय रूपकापेक्षा शोकांतिकेच्या अधिक जवळची आहे. लॅरी ग्वेनच्या हातावर तारा पाहतो तो क्षण पूर्ण रूपांतरापेक्षा भयंकर वाटतो, तो यामुळेच.

दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. बेला हा भटक्या टोळीतील ज्योतिषी चार पायांचा लांडगा होतो, तर त्याने चावलेला लॅरी दोन पायांवर चालणारा केसाळ माणूस. या भेदाचे कारण दिलेले नाही. वेल्समधील या गावात वेल्शचा नाद ऐकू येत नाही, उलट अमेरिकन उच्चार मुबलक. टोळीची भाषा रोमानी, म्हणजे मराठीच्याच भारतीय-आर्य कुळातली. बेलाची आई मलेवा हिच्या वाट्याला आली ती परकीय वळणाची इंग्रजी. तथापि मॉस्को आर्ट थिएटरच्या संस्कारात वाढलेल्या मारिया उस्पेन्स्काया यांनी ती भाषा ज्या संथ लयीत उच्चारली, तीमुळे मृत मुलावर म्हटलेले मलेवाचे निरोपाचे शब्द हे चित्रपटातील एकमेव अस्सल वाटणारे वचन ठरते. ग्वेनची चतुष्पदी कृत्रिम वाटते, हे मात्र नाही. मलेवाचे शब्द कोणीतरी कोणासाठी तरी उच्चारलेले असतात. चतुष्पदी सगळे जण नुसती उद्धृत करतात.

अखेरीस तेच शब्द मलेवा लॅरीच्या देहावर म्हणते. चांदीच्या त्याच काठीने त्याला मारणारे सर जॉन शेजारी असतात. हा विकार मनाचा, असे त्यांनी मुलाला समजावले होते. त्याला गावाबाहेर पाठवावे हा डॉक्टर लॉइड यांचा सल्ला त्यांनी घराण्याच्या नावासाठी नाकारला होता. आता लांडग्याचा चेहरा विरून मुलाचा चेहरा उमटतो. तोच पोलीस-अधिकारी माँटफर्ड येतो आणि लांडग्याने ग्वेनवर हल्ला केला असावा, लॅरी तिला सोडवावयास धावला असावा, असा निर्वाळा देऊन प्रकरण मिटवितो. ज्ञानकोशाच्या पुढील आवृत्तीत जाईल ते हेच विधान. सर जॉन ते खोडीत नाहीत.