भूशास्त्राचे अध्यापन आणि भाषेचा प्रश्न : धार-डही परिसराच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रास्ताविक

पृथ्वीविषयीचे ज्ञान विद्यार्थ्यांपर्यंत आणि सर्वसामान्य जनतेपर्यंत कसे पोहोचते, हा प्रश्न सहसा विज्ञान विभागाचा मानला जातो. वस्तुतः तो भाषेच्या अध्यापकाचाही प्रश्न आहे. खडकाचे नाव विद्यार्थ्याला कोणत्या भाषेत मिळते, त्याचा अर्थ त्याला कळतो की नाही आणि वर्तमानपत्र त्याच खडकाची गोष्ट कशी सांगते, यावर त्या ज्ञानाचे भवितव्य अवलंबून असते. प्रस्तुत लेखात मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या डही-कुक्षी-बाघ या पट्ट्याचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार केला आहे. पवार संस्थानिकांमुळे धार आणि देवास येथे मराठी रुजली. उर्दू जाणणारी कुटुंबेही माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शाळेची भाषा मात्र हिंदी आणि डहीच्या आसपासच्या पाड्यांवरील मुलांची घरची बोली भिली किंवा निमाडी. एकाच दगडाला चार भाषांतून सामोरे जाणारा विद्यार्थी येथे आढळतो.

परिसराचे महत्त्व

नर्मदेच्या उत्तरेकडील या पट्ट्यात भूशास्त्राचे पाठ्यपुस्तकच जणू उघडे पडले आहे. तळाशी निमाड वालुकाश्म, त्यावर बाघ थरांचा चुनखडक, त्यावर लॅमेटा थर आणि सर्वांत वर दक्खनच्या लाव्ह्याचा काळा पाषाण असा साधारण क्रम आहे. बाघ थर सागरी आहेत. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा या खोऱ्यात शिरला होता आणि त्यातील शंख-शिंपले, सी अर्चिन व शार्कचे दात आजही चुनखडकात सापडतात. प्रमथनाथ बोस यांनी १८८४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी नर्मदेच्या खालच्या खोऱ्याचे सविस्तर वर्णन केले, तेव्हापासून हा परिसर अभ्यासकांना परिचित आहे. बाघची प्रसिद्ध लेणी याच वालुकाश्मात कोरलेली आहेत. हा खडक मऊ व पाझरणारा असल्यामुळेच लेण्यांची पडझड झाली.

२००६-०७ च्या सुमारास मंगल पंचायतन परिषद या हौशी अभ्यासकांच्या गटाने कुक्षी-बाघ भागात डायनासोरची शंभरावर अंडी शोधल्याचे जाहीर केले. २०११ मध्ये बाघ येथे सुमारे ९० हेक्टरांचे डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. जानेवारी २०२३ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात आखाडा, ढोलिया रायपुरिया, झाबा, जामनियापुरा आणि पाडल्या या गावांच्या परिसरातील ९२ घरटी आणि २५६ अंडी यांची नोंद आहे. ही अंडी टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, शाकाहारी प्राण्यांची होत. घरटी एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की त्यांच्यामध्ये त्या अवाढव्य माद्यांना वावरण्यास जागाच नव्हती. म्हणून अंडी उथळ खड्ड्यात पुरून माद्या निघून जात असाव्यात, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

या निबंधाच्या लेखकांत दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर धार जिल्ह्यातच शालेय शिक्षक असलेले विशाल वर्मा यांचे नाव आहे. संशोधन हे मोठ्या प्रयोगशाळांचेच काम, या समजुतीला हे एक नाव पुरेसे उत्तर आहे.

वृत्तकथनाची चिकित्सा

डिसेंबर २०२३ मध्ये याच परिसराची एक बातमी देशभर गाजली. पाडल्या गावचे शेतकरी शेतात सापडलेल्या तळहाताएवढ्या गोल दगडांना ‘काकड भैरव’ म्हणून पूजत होते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या तज्ज्ञांनी पाहिले असता ती डायनासोरची अंडी निघाली. काकड म्हणजे शेत वा शिवार आणि भैरव म्हणजे त्याचा राखणदार. ही बातमी बहुतेक ठिकाणी गंमत म्हणून सांगितली गेली. अडाणी गावकरी, शहाणे तज्ज्ञ आणि शेवटी उलगडा, असा तिचा साचा होता. लोकशिक्षणाच्या दृष्टीने या साच्यात तीन दोष आहेत.

पहिला दोष असा की जतनाचे श्रेय कोणालाच दिले गेले नाही. ज्या दगडाला शेंदूर लागला तो बांधकामात गेला नाही आणि फोडलाही गेला नाही. उद्यानाचे कुंपण येण्यापूर्वी श्रद्धेचे कुंपण होते. दुसरा दोष असा की ज्ञान एकाच दिशेने वाहते, असे चित्र उभे राहिले. हे दगड इतर दगडांहून वेगळे आहेत, हे निरीक्षण गावकऱ्यांचे होते. तज्ज्ञांनी त्याला कारण पुरवले. निरीक्षण हा विज्ञानाचा पहिला टप्पा असेल, तर तो टप्पा गावकऱ्यांनी पार केला होता. याचा अर्थ श्रद्धा आणि विज्ञान एकच आहेत, असा मात्र नव्हे. दगडाचे वय पूजेने कळत नाही.

तिसरा दोष शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. गोल दगड अंडे आहे हे कशावरून ठरले, हेच बहुतेक बातम्यांनी सांगितले नाही. या प्रदेशात गोल दगड विपुल आहेत. काळा पाषाण झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो आणि आत गोल गोटा उरतो. चुनखडकातही गोलसर गाठी तयार होतात. म्हणजे आकार हा पुरावा नव्हे. कवचाचा पातळ थर, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी त्याची रचना व छिद्रे आणि घरट्यातील मांडणी हा पुरावा होय. तो वगळला की वाचकाच्या हाती केवळ तज्ज्ञावरील विश्वास उरतो. काल भैरवावर विश्वास होता, आज तज्ज्ञावर आहे. विचार करण्याची रीत बदलली नाही.

पाठ्यपुस्तक आणि परिभाषा

हाच दोष वर्गातही दिसतो. भूगोलाच्या पुस्तकात खडकांचे तीन प्रकार येतात, त्यांच्या व्याख्या पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरल्या जातात. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात जीवाश्मांची चर्चा उत्क्रांतीच्या भागात होती. २०२३ च्या आवृत्तीतून तो भाग वगळण्यात आला. ज्या वर्षी धारच्या २५६ अंड्यांचा निबंध जगापुढे आला, त्याच वर्षी जीवाश्म समजावून देणारी पाने दहावीच्या पुस्तकातून गेली.

परिभाषेचा प्रश्न याहून जुना आहे. मराठीत ज्याला रूपांतरित खडक म्हणतात, त्याला हिंदीत कायांतरित शैल आणि उर्दूत मुतगय्यरा चट्टान म्हणतात. तिन्ही शब्दांचा अर्थ एकच : ज्याचे रूप पालटले तो. हा अर्थ उलगडून दाखवला तर तीन भाषा विद्यार्थ्याला साहाय्यक ठरतात. नुसती नावे दिली तर तिप्पट ओझे होते. उर्दूत या विषयाचा विचार फार पूर्वी झाला आहे. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ मध्ये गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण दिले आणि त्यासाठी अनुवाद विभाग उभारला. मौलवी वहीदुद्दीन सलीम यांच्या ‘वज़-ए-इस्तिलाहात’ (१९२१) या ग्रंथात परिभाषा घडवताना केवळ अरबी-फारसीवर न विसंबता देशी शब्द आणि प्रत्यय यांचाही उपयोग करावा, असा आग्रह आहे. मराठीत भाषा संचालनालयाने परिभाषा कोश सिद्ध केले. तेथे ओढा मुख्यतः संस्कृतकडे राहिला. सलीम यांची सूचना मराठीलाही लागू पडते. विहीर खोदणारा कारागीर मुरूम, मांजऱ्या, कातळ, काळा पाषाण असे थर नेमके ओळखतो. पाणी कोणत्या थरात लागेल, हेही त्याला ठाऊक असते. हे शब्द वर्गात क्वचितच येतात.

काळाची कल्पना आणि ज्ञानपरंपरा

कोटी वर्षांची भाषा धर्मश्रद्ध घरातील विद्यार्थ्याला परकी वाटते, अशी तक्रार काही अध्यापक करतात. ही अडचण टाळून जाण्यात अर्थ नाही. अल्-बिरूनी याने सुमारे १०३० मध्ये ‘किताब-उल-हिंद’मध्ये नोंदवले की पर्वताजवळ प्रवाह वेगवान असतो तेथे दगड मोठे, पुढे ते लहान होत जातात आणि नदीच्या मुखाशी वाळू होते. त्यावरून उत्तरेचे मैदान हे एके काळी समुद्र होते आणि नद्यांच्या गाळाने ते भरून आले, असा निष्कर्ष त्याने काढला. इब्न सीना यानेही ‘शिफा’ या ग्रंथात पर्वतांची घडण व झीज दीर्घ काळाच्या आधारे स्पष्ट केली आहे.

तथापि या नावांचा उपयोग केवळ अभिमानासाठी करणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय. ‘हे सारे पूर्वजांना ठाऊकच होते’ असे म्हणून पाठ संपवला, तर अल्-बिरूनीचाच अपमान होतो. कारण त्याने ऐकीव गोष्टीवर न थांबता दगड पाहिले. त्याची रीत वर्गात आणता येते. डहीजवळच्या नाल्यातील आणि उतारावर खाली असलेल्या पात्रातील दगडांचे आकार मोजून विद्यार्थी तो प्रयोग एका दिवसात करू शकतात.

अर्थात सर्वच जागा आता उपलब्ध नाहीत. सरदार सरोवर २०१९ मध्ये पूर्ण क्षमतेने भरले, तेव्हा धार जिल्ह्यातील चिखलदा, निसरपूर यांसारख्या गावांत पाणी शिरले. घरे आणि शेते गेली, हे दुःख मोठेच. त्याबरोबर काठावरचे उघडे थरही गेले. वर जे उरले आहे त्यालाही खाणकामाचा आणि जीवाश्म उचलून नेणाऱ्यांचा धोका आहे. भूवारसा स्थळांच्या रक्षणासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला होता. परंतु ज्याचे मोल स्थानिकांना कळलेले नाही, ते केवळ कायद्याने वाचत नाही.

बालासिनोरचे उदाहरण

गुजरातमधील बालासिनोरजवळचे रैयोली येथे तुलनेस उपयोगी आहे. १९८० च्या दशकात तेथे डायनासोरची हाडे व अंडी सापडली आणि त्यांतूनच २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस या प्राण्याचे वर्णन झाले. बालासिनोरच्या बाबी नवाब घराण्यातील आलिया सुलताना बाबी यांनी ही स्थळे वाचवण्यासाठी आणि पाहुण्यांना समजावून सांगण्यासाठी अनेक वर्षे दिली. २०१९ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. एका व्यक्तीच्या आस्थेने लोकशिक्षण किती पुढे जाते, हे यातून दिसते. त्याचबरोबर ते एका व्यक्तीवर किती विसंबून असते, हेही दिसते. धारमधील शिक्षकांच्या कार्यालाही हेच लागू आहे. जे काम व्यक्तींनी उभे केले, ते महाविद्यालयांनी अभ्यासक्रमात घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

भूशास्त्राच्या अध्यापनाचा दोष माहितीच्या अभावात नसून ‘कशावरून?’ हा प्रश्न गाळण्यात आहे, असे या विवेचनावरून म्हणता येईल. बातमी तो गाळते, पाठ्यपुस्तक गाळते आणि परीक्षाही गाळते. त्यावर उपाय खर्चिक नाहीत. विज्ञान व भाषा विभागांनी मिळून परिसरातील दगडमातीच्या बोलीतील नावांचा संग्रह करावा आणि प्रमाण संज्ञा त्याशेजारी ठेवाव्यात. सहलीत जीवाश्म न उचलता त्याचे चित्र, जागा आणि थर नोंदवण्याची शिस्त लावावी. उत्तरपत्रिकेत व्याख्येइतकेच गुण पुराव्याला द्यावेत. गावातील वडीलधाऱ्यांना वर्गात बोलावून त्यांनी पाहिलेले दगड त्यांच्याच शब्दांत ऐकावेत.

डहीच्या पाड्यावरील मूल ज्या वाटेने शाळेत जाते, तिच्याखाली समुद्र आहे, घरटी आहेत आणि लाव्हा आहे. शाळा सोडताना हे त्याला स्वतःच्या शब्दांत आणि पुराव्यानिशी सांगता आले, तर अध्यापन सफल झाले असे समजावे.