डब्ल्यूटीओनं खरंच आपली सौरऊर्जा अडवली का? एका निकालाचं वाचन

आजची पोस्ट माझ्या एका चुकीपासून सुरू करते. पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये प्रस्तावनेच्या दुसऱ्याच पानावर मी एक वाक्य लिहिलं होतं: "जागतिक व्यापार संघटनेच्या निर्णयामुळे भारताच्या सौर कार्यक्रमाला खीळ बसली." सरांनी त्याखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि विचारलं, "निर्णय वाचलास का?" मी वाचला नव्हता. वाक्य मी एका जुन्या प्रबंधातून घेतलं होतं आणि त्या प्रबंधात ते बहुधा आणखी कुठून तरी आलं असावं.

माझा विषय पातळ थरांचे सोलर सेल. म्हणजे रोजचं काम काच धुणं, द्रावण बनवणं, थर चढवणं आणि तो सोलून निघाला की पुन्हा सुरुवात. कायद्याचा माझा काही अभ्यास नाही. पण प्रस्तावनेतलं वाक्य माझ्या नावावर जाणार होतं, म्हणून मी निकाल वाचायला घेतला. काय सापडलं, निकाल कुठे पटला, कुठे पटला नाही आणि त्यातून प्रस्तावना लिहिणाऱ्यानं काय घ्यायचं, ते सांगते.

शेतातला प्रश्न

आधी आपल्याकडचं चित्र. धाराशिव जिल्ह्यात आता ऊर्जा हा पुस्तकातला विषय राहिलेला नाही. वाशी-भूमकडच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, कौडगावला महानिर्मितीचा सौर प्रकल्प आहे आणि विहिरी-बोअरवर सौर पंप बसतायत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे (अनुसूचित जाती-जमातीसाठी ५ टक्के), बाकीचं अनुदान.

माझ्या चुलत्यांनी अर्ज भरला तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं की प्लेटा 'डीसीआर'च्याच लागतात, म्हणजे सेल आणि मॉड्यूल दोन्ही भारतात बनलेले. काका मला म्हणाले, "अगं, बाहेरच्या स्वस्त असून इथल्याच का घ्यायच्या?" मी म्हटलं, "काका, नियम आहे तसा." ते म्हणाले, "नियम कुनी केला अन् कशापायी?"

काकांचा प्रश्न आणि जिनिव्हात काही वर्षं चाललेला खटला, दोन्हींचा विषय एकच आहे.

खटला काय होता?

जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं. लक्ष्य होतं २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅट. पुढे २०१५ मध्ये हे लक्ष्य एक लाख मेगावॅटपर्यंत वाढवलं गेलं. सरकारी कंपनी सौर प्रकल्पांकडून २५ वर्षं ठरलेल्या दरानं वीज घेणार आणि ती वीज कंपन्यांना विकणार, अशी रचना होती. त्यातल्या काही निविदांना अट होती की सेल किंवा मॉड्यूल देशी हवेत. डीसीआर ती हीच.

फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेनं या अटीविरुद्ध तक्रार केली. खटल्याचा क्रमांक डीएस ४५६. फेब्रुवारी २०१६ मध्ये तंटा समितीचा अहवाल आला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये अपील मंडळाचा. दोन्हीकडे भारत हरला.

आता माझं वाक्य पुन्हा वाचा: "सौर कार्यक्रमाला खीळ बसली." निकालात सौर कार्यक्रमाविरुद्ध काहीही नाही. लक्ष्य, २५ वर्षांचा करार, ठरलेला दर यांतल्या कशालाही हात लावलेला नाही. चूक ठरली ती फक्त देशी मालाची अट. शिवाय भारतानं पर्यावरणासाठी किंवा नैसर्गिक संसाधनांसाठी असलेली सूट बचाव म्हणून मांडलीच नव्हती. म्हणजे 'पर्यावरण विरुद्ध व्यापार' असा जो सामना आपण प्रस्तावनेत रंगवतो, तो त्या मैदानावर झालाच नाही.

निकालाचा कणा: वीज आणि सेल

भारताचा पहिला मुद्दा असा: ही सरकारी खरेदी आहे आणि सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य द्यायला व्यापार नियमांत सूट आहे. मंडळानं विचारलं, सरकार विकत काय घेतंय? वीज. आणि भेदभाव कशात होतोय? सेल आणि मॉड्यूलमध्ये. सूट हवी असेल तर विकत घेतलेली वस्तू आणि भेदभाव झालेली वस्तू बाजारात एकमेकींच्या स्पर्धक असायला हव्यात. वीज आणि सेल तशा नाहीत. हीच कसोटी २०१३ मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताच्या प्रकरणात लावली गेली होती.

मी भौतिकशास्त्राची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे हास्यास्पद वाटलं. सेलशिवाय सौर वीज येते कुठून? भारताचा युक्तिवादही साधारण असाच होता. पण दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की मी कार्यकारण बघतेय आणि ते बाजार बघतायत. वीज मागणाऱ्या ग्राहकाच्या हातात सेल ठेवला तर तो घेणार नाही. त्यांचा प्रश्न एवढाच होता. आणि रेघ कुठेतरी ओढावी लागतेच. सेलला सूट दिली तर मॉड्यूलची काच, अॅल्युमिनियमची चौकट, खालचं लोखंड, सगळेच रांगेत उभे राहतील.

पण इथेच मला निकाल कच्चाही वाटतो. समजा, सरकारनं तीच मॉड्यूल स्वतः विकत घेऊन स्वतःच्या इमारतीवर बसवली, तर सुटीचा आधार मिळू शकतो. त्याच मॉड्यूलची वीज विकत घेतली तर नाही. छप्पर तेच, ऊन तेच, कारखाना तोच, बदलला फक्त कागद. ज्या कसोटीत कागद बदलून उत्तर बदलतं, ती कसोटी मूळ प्रश्नापेक्षा कागदालाच जास्त मोजते. भारतानं पुढे नेमकं हेच केलं. २०१९ मध्ये सरकारी उपक्रमांसाठी १२,००० मेगावॅटची योजना आली. तीत देशी सेल-मॉड्यूलची अट आहे आणि वीज सरकारी संस्थांच्याच वापरासाठी आहे. निकाल वाचून आखलेली योजना!

टंचाई म्हणजे काय?

भारताचा दुसरा मुद्दा टंचाईचा. देशात सेल पुरेसे बनत नाहीत, म्हणून आपण आयातीवर अवलंबून आहोत, म्हणून ही टंचाई आहे आणि टंचाईसाठी नियमांत सूट आहे. मंडळ म्हणालं, टंचाई म्हणजे वस्तू मिळत नाही. ती देशात बनत नाही एवढ्यानं टंचाई सिद्ध होत नाही. आयातीतून मिळत असेल तर ती उपलब्ध आहे.

ही गोष्ट धाराशिवच्या माणसाला लगेच कळावी. उन्हाळ्यात गावाला टँकर येतो. पाणी मिळतं, पण म्हणून गावात पाण्याची टंचाई नाही असं कुणी म्हणेल का? टँकर उद्या आला नाही तर काय, हाच तर खरा प्रश्न असतो. भारताचं म्हणणं टँकरवाल्या गावाचं होतं.

निकालाला मी इथे नापास करणार होते. पण मंडळानं ही शक्यता पूर्ण बंद केलेली नाही. टंचाई तपासताना देशी उत्पादन, आयात, किमतींचे चढउतार, पुरवठा तुटण्याचा धोका हे सगळं एकत्र बघता येईल, असं त्यात आहे. तो धोका आहे हे दाखवणं भारताचं काम होतं आणि मंडळाला ते पटेल इतकं ते झालं नाही. यातून आपण घ्यायची गोष्ट साधी आहे. 'अवलंबित्व आहे' आणि 'पुरवठा तुटू शकतो' ही दोन वेगळी विधानं आहेत, दोघांना वेगळा पुरावा लागतो. आपल्या प्रस्तावनांमध्ये पहिल्याचा आकडा देऊन दुसरं सिद्ध झाल्याचं आपण सर्रास लिहितो.

ज्याबद्दल आपण बोलत नाही

आता माझ्या विषयाची गोष्ट. मिशनच्या पहिल्या टप्प्यात अट फक्त स्फटिकी सिलिकॉनला होती. सुरुवातीला मॉड्यूल देशी हवं, पुढच्या फेरीत सेल आणि मॉड्यूल दोन्ही. पातळ थराच्या मॉड्यूलना अट नव्हती.

तंत्र समजून घ्या. सिलिकॉनमध्ये वेफर बनतो, वेफरचा सेल, मग सेल जोडून मॉड्यूल. हे टप्पे तीन वेगळ्या कारखान्यांत होऊ शकतात. पातळ थरात, उदाहरणार्थ कॅडमियम टेल्युराइडमध्ये, काही मायक्रॉनचे थर थेट काचेवर चढतात आणि सेल-मॉड्यूल एकाच ओळीवर तयार होतात. 'सेल कुठला?' हा प्रश्न तिथे वेगळा उरत नाही.

मग व्हायचं तेच झालं. पातळ थराला अट नाही, वर अमेरिकी माल घेतला तर अमेरिकेच्या एक्झिम बँकेचं स्वस्त कर्ज. त्या काळी जगात बहुतेक मॉड्यूल सिलिकॉनची असताना इथल्या पहिल्या टप्प्यात मोठा हिस्सा पातळ थरानं घेतला आणि त्यात अमेरिकेची फर्स्ट सोलर ही कंपनी पुढे होती. देशी उद्योगासाठी लावलेल्या अटीनं आयातीलाच वाट करून दिली. हे निकालामुळे घडलं नाही. तक्रार दाखल होण्याआधीच घडत होतं.

माझं मुख्य म्हणणं हेच आहे. जिनिव्हात आपण हरलो ते 'वस्तू'च्या व्याख्येवर. आणि देशातला हेतू चुकला तोही 'वस्तू'च्याच व्याख्येवर. दुसरी चूक आपली होती, आणि ती ओळखायला कायदा नाही, आपल्यासारख्यांचं पदार्थविज्ञान पुरेसं होतं. मला त्याचं वाईट वाटतं, कारण पातळ थरावर प्रबंध लिहिणाऱ्यांच्या प्रस्तावनेत हे यायला हवं आणि मला तरी ते कुठे दिसलं नाही. तिथे आपण 'ऊर्जा ही काळाची गरज' लिहून मोकळे होतो.

मग दोन्ही सरकारांनी काय केलं?

अपील मंडळाचा अहवाल आला त्याच महिन्यात, सप्टेंबर २०१६ मध्ये, भारतानं अमेरिकेवर तक्रार ठोकली. वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया, मिशिगन वगैरे आठ राज्यांत स्थानिक मालाला जादा लाभ मिळत होते. हा खटला डीएस ५१०. जून २०१९ मध्ये समितीनं भारताच्या बाजूनं कौल दिला. त्यावर अपील झालं, पण डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळच ठप्प आहे.

आणि जून २०२३ मध्ये दोन्ही देशांनी वाटाघाटीतून सहा खटले एकदम मिटवले. त्यात हे दोन्ही होते. थोडक्यात, स्थानिक मालाची अट चूक की बरोबर, हा प्रश्न सुटला नाही, त्यावर पडदा टाकला गेला. तोवर अमेरिकेनं २०२२ च्या कायद्यात देशी मालासाठी जादा करसवलत आणली होती. भारतानं एप्रिल २०२२ पासून मॉड्यूलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के आयात शुल्क लावलं होतं आणि उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन, म्हणजे पीएलआय, सुरू केलं होतं. फर्स्ट सोलरनं जानेवारी २०२४ मध्ये तमिळनाडूत स्वतःचा कारखाना उघडला. तेव्हा अटीतून सुटलेली कंपनी आता इथे उत्पादन करते.

'निर्यातीच्या संधी' हा शब्द आता प्रत्येक व्यापार संवादात ऐकाल. तोही तपासून वाचा. २०२३-२४ मध्ये भारतातून गेलेल्या सौर मॉड्यूलपैकी ९० टक्क्यांहून जास्त एकट्या अमेरिकेला गेली. जुलै २०२५ मध्ये तिथल्या उत्पादकांनी भारतीय मालावर जादा शुल्क लावण्याची मागणी केली. एकाच गिऱ्हाइकावर उभी असलेली संधी किती दिवसांची, हे द्राक्ष आणि कांदा पिकवणाऱ्या जिल्ह्याला मी सांगायला नको.

तुमच्यासाठी तीन कामं

तुमच्या प्रस्तावनेतली धोरणाबद्दलची वाक्यं वेगळी काढा. प्रत्येकासाठी मूळ कागद उघडा. सगळा नको, पण निष्कर्षाचा भाग तरी वाचाच. मग तीन गोष्टी लिहा: त्या कागदाला नेमका कोणता प्रश्न विचारला होता, कोणता विचारलाच नव्हता, आणि त्यात वापरलेल्या शब्दाचा अर्थ तुमच्या विषयातल्या अर्थाशी जुळतो का. मला या कामाला सुट्टीचे चार दिवस लागले. फुकट गेले नाहीत.

माझं वाक्य आता असं आहे: "२०१६ च्या निकालात भारताच्या सौर कार्यक्रमातली देशी मालाची अट नियमबाह्य ठरली, मात्र पहिल्या टप्प्यात पातळ थरांना वगळल्यामुळे या अटीचा परिणाम त्याआधीच मर्यादित झाला होता." जुन्या वाक्याइतकं ठसकेबाज नाही. सरांनी यावेळी रेघ मारली नाही, फक्त समासात लिहिलं: "दुसऱ्या अर्ध्याला आकडा दे." तो शोधतेय.

आणि काकांना मी सांगितलं, "काका, सेलचे कारखाने इथं उभे राहावेत म्हणून इथल्याच घ्यायच्या." ते म्हणाले, "मग राहिले का उभे?" मॉड्यूलचे बरेच राहिले, सेलचे आत्ता कुठे राहतायत, वेफरचे अजून फार कमी. त्यांना एवढंच सांगितलं आणि हेही सांगितलं की पुढचं मी वाचतेय.