स्वस्त, पण कोणाच्या मापाने?

वैद्यकाच्या नव्या परिभाषेत ‘किफायतशीर’ या शब्दाला मोठी प्रतिष्ठा आली आहे. घराण्यात पहिल्यांदाच पदवी घेतलेल्या आमच्यासारख्यांवर परिभाषेचे दडपण लवकर येते. म्हणूनच या शब्दाची चिकित्सा मला अगत्याची वाटते. त्याच्या आडून ‘परवडणारे’ हा निराळाच शब्द खपवला जातो.

मी सानपाड्यात राहतो. येथून पनवेलच्या लोकलने खारघरला गेले की टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था लागते. टाटा स्मारक आणि मुंबईची आयआयटी यांच्या संशोधनातून रक्ताच्या काही कर्करोगांवर ‘नेक्सकार-19’ हा उपचार निघाला. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, कर्कपेशी ओळखणारा जनुक त्यांत घालायचा आणि त्या त्यालाच परत द्यायच्या. औषध एकाच माणसापुरते. घाऊक उत्पादन नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला मान्यता मिळाली. किंमत 40 लाखांच्या घरात. अमेरिकेत अशाच उपचाराला 3 ते 4 कोटी लागतात. म्हणून हा ‘स्वस्त’!

संशोधकांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. प्रश्न असा की, तुलना अमेरिकेशीच का? तुर्भ्याच्या बाजारात महिना 20 हजार मिळवणाऱ्या हमालाची ही साडेसोळा वर्षांहून अधिक काळाची सगळी मिळकत होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे सर्वसाधारण संरक्षण वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांचे आहे.

अर्थशास्त्रज्ञ निरोगी आयुष्याच्या एका वाढीव वर्षाचा खर्च काढतात आणि तो दरडोई उत्पन्नाशी ताडून पाहतात. हे माप टाकाऊ नाही. सरकारी तिजोरी मर्यादित आहे. तोच पैसा क्षयरोगावर खर्चावा की येथे, हे तोलावेच लागते. परंतु सरकारने खरेदी नाकारली म्हणजे उपचार थांबत नाही. तो ऐपतदाराला मिळत राहतो. ‘किफायतशीर नाही’ हा निकाल मग फक्त गरिबालाच लागू होतो. शिवाय हे गणित किंमत दैवदत्त मानून चालते. वास्तविक हे ज्ञान सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांत वाढले आहे.

राजकारणात एक माणूस एक मूल्य आणि सामाजिक-आर्थिक जीवनात त्याचा नकार, या विसंगतीविषयी डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बजावले होते. रुग्णशय्येवर ती विसंगती आजही उघडी दिसते. तेव्हा आपली मागणी स्पष्ट हवी: ज्ञान सार्वजनिक असेल, तर भाव ठरवण्यातही जनतेचा हात हवा.