तेरा दिवस आणि एक आवाहन

१९६२ चा ऑक्टोबर म्हटला की आपल्याकडील वडीलधाऱ्यांना हिमालय आठवतो. २० तारखेला चीनने आक्रमण केले आणि महिन्याभरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. त्याच दिवसांत क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांपायी सारे जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभे होते, हे ठाणे-डोंबिवलीकडच्या आपल्या घरांतून क्वचितच बोलले जाते. रॉजर डोनाल्डसन यांचा ‘थर्टीन डेज’ (२०००) हा चित्रपट १६ ते २८ ऑक्टोबर या तेरा दिवसांची कथा सांगतो.

चित्रपटाचे बळ त्याच्या बंद खोल्यांत आहे. सेनापती हल्ल्याचा आग्रह धरतात, अध्यक्ष केनेडी वेळ मागून घेतात. येथे पराक्रम म्हणजे थांबणे, आणि पडद्यावर थांबणे रंगवणे फार अवघड! संरक्षणमंत्री मॅकनामारा नौदलाच्या कक्षात ॲडमिरलवर संतापतात तो प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटला. ॲडमिरलच्या लेखी समुद्रातली नाकेबंदी ही ठरलेल्या नियमांची लढाई. मॅकनामारांच्या लेखी ते केनेडींनी क्रुश्चेव्हशी चालवलेले संभाषण. शस्त्रांनाही भाषा असते आणि ती चुकीची ऐकली गेली तर लक्षावधी माणसे मरतात, ही भीती त्या एका प्रसंगात अंगावर येते.

पण क्रुश्चेव्ह पडद्यावर येतच नाहीत. ज्याच्याशी समेट करायचा तोच अदृश्य! शत्रूला चेहरा न देता शांतीची कथा सांगता येते का? केविन कॉस्टनर यांनी साकारलेल्या केनेथ ओ’डॉनेल या सहायकाला जे महत्त्व मिळाले आहे, त्यावरही जाणकारांनी आक्षेप घेतला. तो मला रास्त वाटतो. तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रे काढून घेण्याची गुप्त तडजोड चित्रपट लपवत नाही, हे मात्र त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण.

मला उणीव भासली ती दुसऱ्याच एका आवाजाची. द्वितीय व्हॅटिकन परिषद सुरू होऊन दोनच आठवडे झाले होते. २५ ऑक्टोबरला पोप जॉन तेविसावे यांनी नभोवाणीवरून राज्यकर्त्यांना वाटाघाटींचे आवाहन केले; ते मॉस्कोच्या ‘प्रावदा’नेही छापले. केनेडी हे अमेरिकेचे पहिले कॅथलिक अध्यक्ष, पण या आवाहनाला चित्रपटाच्या कथेत स्थान नाही. त्या आवाहनाने संकट टळले असा दावा मी करणार नाही. परंतु पुढच्याच एप्रिलमध्ये आलेल्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या विश्वपत्रामागे त्या दिवसांची छाया आहे, आणि डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईत आले असता शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग गरिबांसाठी देण्याचे आवाहन त्यांनी इथूनच जगाला केले.

मे १९९८ मध्ये पोखरणनंतर देशभर पेढे वाटले गेले. ते आपल्याही काही घरांत आनंदाने खाल्ले गेले. म्हणून धर्मग्रामातील युवकांना हा चित्रपट जरूर दाखवावा. २७ ऑक्टोबरला क्यूबावर यू-टू विमान पाडले जाते आणि मेजर अँडरसन ठार होतात, तेथे तो क्षणभर थांबवावा आणि मुलांना विचारावे: तुम्ही केनेडींच्या जागी असता, तर त्या रात्री काय केले असते?