सीमातपासणी की सीमाबंधन?
क्यूएमू या यंत्रानुकारी प्रणालीतील फ्लॉपी-नियंत्रकाचा दोष २००४ पासून संहितेत होता. मे २०१५ मध्ये तो 'व्हेनम' या नावाने उघडकीस आला. बफर ५१२ बाइटांचा. तथापि 'रीड आयडी' आणि 'ड्राइव्ह स्पेसिफिकेशन' या दोन आज्ञांच्या बाबतीत स्थानदर्शक अंक वेळीच शून्यावर येत नसे. त्यामुळे अतिथी यंत्राने धाडलेले बाइट बफराबाहेर, यजमानाच्या स्मृतीत, लिहिले जाऊ शकत. आभासी यंत्राची भिंत फ्लॉपीसारख्या अडगळीतील वस्तूने भेदावी, हे मौजेचेच!

दुरुस्ती अगदी अल्पाक्षरी आहे. वाचन-लेखनापूर्वी स्थानांकास ५१२ ने भागून बाकी तेवढी घ्यावयाची. स्मृतीचे रक्षण तीमुळे होते, यात वाद नाही. परंतु 'तपासणी' या शब्दात नकाराची शक्यता गृहीत असते. येथे जादा बाइट नाकारला जात नाही. तो मुकाट्याने बफराच्या आरंभी जाऊन बसतो. शिवाय मूळ चूक आज्ञेची कोणती अवस्था चालू आहे हे न ओळखण्याची होती, आणि तिला या भागाकाराचा स्पर्शही होत नाही. निकडीच्या प्रसंगी हे क्षम्य होय. त्यास दोषनिवारण म्हणणे मात्र कठीण. त्याच वर्षी पुढे आज्ञा, कार्यवाही आणि फलित या अवस्था संहितेत स्वतंत्रपणे नोंदविण्यात आल्या. भागाकार अर्थातच तसाच ठेवला गेला.