‘अ डेथ इन द गंज’ : संबोधनांतील हिंसा

कौटुंबिक विसंवाद रंगविताना आपले चित्रपट बहुधा उघड कलहाचा आश्रय घेतात. कोंकणा सेन शर्मा यांच्या ‘अ डेथ इन द गंज’ (२०१६) या चित्रपटातील कुटुंब मात्र सुटीत हसतखेळत असते, आणि त्या हास्यातच एक तरुण खचत जातो. स्थळ मॅक्लुस्कीगंज, आज झारखंडात असलेली अँग्लो-इंडियनांची जुनी वसाहत. काळ १९७९ चा.

भाषाभ्यासकास येथील संबोधने विशेष उद्बोधक वाटतील. तेवीस वर्षांच्या श्यामलला सारे ‘शुटू’ म्हणतात. बंगालीतील ‘डाकनाम’ हे वस्तुतः मायेचे नाव होय. येथे ते त्याचे वय नाकारण्याचे साधन बनते. त्याच्याशी होणारे बोलणे मुख्यतः आज्ञार्थी वा थट्टेचे असते. इंग्रजी, बंगाली व हिंदी या तिन्ही भाषांत वावरणाऱ्या या घरात पितृशोकाने पोळलेल्या मुलाची विचारपूस क्वचितच होते. प्लँचेटच्या खेळातही थट्टेचा विषय तोच. लहानगी तानी तेवढी त्याला बरोबरीने वागविते. ती हरवते तेव्हा दोष त्याच्याच माथी येतो.

प्रारंभीच मोटारीतील प्रेताचा उल्लेख आल्याने उत्कंठा उणावते, असा आक्षेप घेता येईल. परंतु त्यामुळेच प्रेक्षक प्रत्येक थट्टा सावधपणे ऐकू लागतो. विक्रांत मॅसी यांचा संयत अभिनय या ऐकण्यास बळ देतो. या घरात दुष्ट असे कोणीच नाही. म्हणूनच अखेरच्या गोळीचे उत्तरदायित्व कोणा एकावर टाकून आपणांस मोकळे होता येत नाही.