मधली सुट्टी आणि बेनेडिक्टचा हिवाळा

तत्त्वज्ञानाच्या माणसानं लोणावळ्यात येऊन कार्टूनवर बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. वाटू द्या.

'रिसेस' ही अमेरिकन मालिका १९९७ साली सुरू झाली. रिसेस म्हणजे आपली मधली सुट्टी. तिच्यात 'द बॉक्स' नावाचा एक भाग आहे. टी. जे. नावाच्या खोडकर मुलाला शिक्षा होते. काय शिक्षा? मैदानावर आखलेल्या पांढऱ्या चौकोनात सुट्टीभर उभं राहायचं. भिंत नाही, कुलूप नाही; समोर बाकीचे खेळतायत. एवढ्यानं पोरगं पार खचतं. अतिशयोक्ती आहे, कार्टूनच आहे ते. पण त्या चौकोनाला भिंत नाही, हे फार नेमकं सुचलेलं आहे. आपणही भिंत कुठं बांधतो? 'वही पुरी कर, मग जा' म्हणतो. पोर्शन राहिला म्हणून खेळाच्या तासाला गणित घेतो. रेघच ती.

२००१ साली याच मालिकेवरून 'रिसेस : स्कूल्स आउट' हा चित्रपट आला. त्यातला खलनायक डॉ. फिलियम बेनेडिक्ट. १९६८ साली हा तरुण मुख्याध्यापक असताना मधली सुट्टीच रद्द करतो. शिक्षकच विरोधात उभे राहतात, त्याचं पद जातं. पुढं तो मोठ्या सत्तेपर्यंत पोचतो आणि शेवटी यंत्रानं चंद्र हलवून पृथ्वीवर कायमचा हिवाळा आणायला निघतो. उन्हाळाच नाही, तर सुट्टी कसली? मुलं घरात बसतील, अभ्यास करतील, गुण वाढतील. मजा अशी की खऱ्या जगातल्या थंडगार फिनलंडमध्ये साधारण पाऊण तास शिकवणं आणि पाव तास सुट्टी, ही रीत जुनी आहे. तिथली मुलं बर्फातसुद्धा अंगणात जातात.

माझा आक्षेप इथं आहे. चित्रपटानं बेनेडिक्टला यंत्र दिलं, आणि आपण सुटलो! कारण आपल्याकडे चंद्र हलवणारं कोणी नाही. सुट्टी कापणारी माणसं प्रेमळ असतात, मुलांच्या भल्यासाठीच कापतात.

आणि सुट्टीच्या बाजूनं बोलणारे आपण काय म्हणतो? खेळानं एकाग्रता वाढते, मेंदू ताजा होतो, फिनलंड बघा. खरं असेल. पण हा बेनेडिक्टचाच तराजू झाला. उद्या कोणी आकडे मांडून दाखवलं, की खेळल्यानं दोन गुण कमी पडतात, मग काय करणार? सुट्टी परत घेणार?

आपल्या परंपरेत याचं उत्तर आहे. ईश्वराला काही मिळवायचं उरलेलं नाही, मग त्यानं सृष्टी कशाला निर्माण केली, असा प्रश्न ब्रह्मसूत्रात येतो. उत्तर येतं, लीला म्हणून. ज्या समाजात ईश्वराला प्रयोजनाशिवाय खेळायची मुभा आहे, तिथं तिसरीतल्या पोराला मात्र 'खेळून काय मिळतं?' विचारलं जातं.

मालिकेत मैदानावर मुलांचा स्वतःचा राजा असतो, किंग बॉब. त्याचे कायदे, त्याचा दरबार. आपल्याकडे गंमत उलटी. लपाछपीत ज्याच्यावर 'राज्य' येतं, त्याचे हाल! सत्तेचा असा अर्थ कुठल्या राज्यशास्त्रात सापडणार? आणि लहान भावंडाला 'लिंबूटिंबू' करून घ्यायचं, म्हणजे ते खेळणार, पण आउट होणार नाही. दुबळ्याला सामावून घेण्याचा हा नियम कुठल्या बाईंनी शिकवला नाही. मुलांनी मुलांकडून घेतला.

हे खेळाच्या तासाला होत नाही, तिथं शिट्टी मोठ्या माणसाच्या हातात असते. स्वामी कुवलयानंदांनी इथंच, लोणावळ्यात, १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केलं. महाराष्ट्रातल्या शारीरिक शिक्षणावर त्यांचे मोठे उपकार आहेत. तरीही सांगतो, योगासनं म्हणजे मधली सुट्टी नव्हे. आसनाला गुरू लागतो. लगोरीला सात ठिकऱ्या, एक चेंडू आणि भांडायला कोणीतरी एवढंच लागतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवं, खेळाचं साहित्य हवं, असं आहे. अध्यापनाचे तासही मोजून दिलेत. पहिली ते पाचवीला वर्षाला ८००, सहावी ते आठवीला १,०००. मधली सुट्टी किती मिनिटांची, ते नाही. मैदान मिळालं, मैदानावर जायची वेळ तेवढी राहिली.

मावळात हे जास्त टोचतं. बेनेडिक्टचा हिवाळा काल्पनिक होता, आपला पावसाळा खरा आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. चार महिने मैदानाचा चिखल. मग मुलं बाकावरच डबा खातात आणि 'आता बसलाच आहात तर' म्हणून पुस्तक उघडलं जातं. व्हरांड्यात ठेवलेली जुनी बाकं आणि कपाटं हलवली, तर तिथं गोट्या नाहीत, पण सागरगोटे आणि काचापाणी नक्की होईल. आरडाओरडा होईल, शेजारच्या वर्गाला त्रास होईल. तो सोसावा लागेल.

प्रश्न असतील तर विचारा. मागं बसलेल्या शिक्षकांनी आधी विचारावेत. सुट्टीची घंटा त्यांच्या हातात आहे.